स्वागतोत्सुक फुलचंदभाऊ

माझ्या दादाच्या लग्नात मांडवाच्या दारात एक उंच माणूस उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात गुलाबपाण्याची झारी. येणाऱ्या प्रत्येकाला तो हात जोडून म्हणत होता, "या जी, या. लय वाट पाहाले लावली." वेळेच्या आधी आलेल्यांनाही हेच. आमच्या आत्याला त्याने दंडाला धरून पायऱ्या चढवल्या, एका रडणाऱ्या लेकराला कुठूनसा फुगा आणून दिला, आणि बँडवाला व वाढपी यांच्यात पेटलेलं भांडण दोघांच्या हातात सरबताचा एकेक पेला देऊन विझवलं.

आई वहिनीच्या आईला म्हणाली, "तुमच्याकडचे ते पाव्हणे मोठे लाघवी आहेत हो."

"आमच्याकडचे?" त्या म्हणाल्या. "आमाले वाटलं तुमचेच हायेत."

दोघी हसल्या आणि आपापल्या कामाला लागल्या. लग्नघरात याहून जास्त चौकशी करायला वेळ कोणाला असतो? मी मात्र पत्रिका काढून पाहिली. सगळ्यात खाली, कलशाच्या चित्राच्या अगदी वर, एका ओळीत छापलं होतं: स्वागतोत्सुक, श्री. फुलचंद राठोड.

नंतर लक्षात आलं की हे नाव मानोऱ्याच्या पंचक्रोशीतल्या जवळपास प्रत्येक पत्रिकेत असतं. पाटील असोत, वाणी असोत, तांड्यावरचे असोत. वर गणपती असो की ‘जय सेवालाल’, खाली फुलचंद राठोड असतात. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे आहेत, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. आणि ते स्वतः, पत्रिकेत नाव आहे म्हटल्यावर, जातात.

हे सारं एका उशिरा आलेल्या बसमुळे झालं.

मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर विजयमालाकाकूंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, फॉर्म, फोटो आणि लग्नपत्रिका. काकूंचे यजमान जगदेवकाका शेती करतात आणि शेतातून आले की दुकानातल्या बाकावर बसून चहा पितात. दुकान नवं होतं तेव्हा काकू पहिली पत्रिका करायला बसल्या. सीडीवरून चढवलेलं पत्रिकेचं सॉफ्टवेअर होतं; त्याची एक किल्ली असते, पेनड्राइव्हसारखी दिसणारी, ती मागे खोचली तरच ते उघडतं. काकूंनी सगळी नावं बसवली. तरी खाली एका ओळीची जागा रिकामी राहिली आणि पत्रिका तोंडातला दात पडल्यासारखी दिसू लागली. समोरच्या बाकावर फुलचंदभाऊ तांड्याच्या बसची वाट पाहत बसले होते. बस येत नव्हती.

"भाऊ, तुमचं नाव काय म्हनले?" काकूंनी विचारलं.

"फुलचंद. फुलचंद राठोड."

काकूंनी ते टाकलं. ओळ भरली, कलश आपल्या जागी बसला, पत्रिका छान दिसू लागली. बस आली, फुलचंदभाऊ गेले.

काकूंची काम करण्याची रीत अशी की नवी पत्रिका त्या कोऱ्या पानावर कधीच करत नाहीत. शेवटची पत्रिका उघडायची, तिच्यातली नावं बदलायची आणि छापायची. दुसरी पत्रिका पहिलीतून निघाली, तिसरी दुसरीतून. नवरा बदलला, नवरी बदलली, मामा, काका, आत्या बदलल्या. फुलचंदभाऊ राहिले. लक्षात आल्यावर एकदा काकूंनी ती ओळ काढून पाहिली. तेव्हा खालचा कलश टुणकन वर उडाला आणि नवरीच्या मामाच्या नावावर जाऊन बसला. मामाचं नाव झाकलं गेलेली पत्रिका वाटायची म्हणजे लग्नाआधीच भांडणाला अक्षता. काकूंनी घाईने ओळ परत आणली. कलश खाली उतरला. त्यानंतर त्यांनी त्या ओळीला हात लावला नाही.

फुलचंदभाऊंना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते तेव्हा ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की बायको धनीबाई, लेकरं, भांडीकुंडी ट्रकवर चढवायची आणि दूरच्या फडावर उतरायचं. इकडे परतायचं ते उन्हाळ्यात. सख्ख्या भावाचं लग्न लागलं तेव्हाही ते फडावरच होते. आल्यावर कोणी तक्रार केली नाही. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची गैरहजेरी सगळ्यांनी आधीच मान्य केलेली असते.

पण त्या उन्हाळ्यात मानोऱ्याच्या बाजारात कोणीतरी त्यांना नावाने हाक मारली आणि ती ऐकून एका अनोळखी माणसानं त्यांना अडवलं. "तुमी फुलचंद राठोड ना? काहून जी, पोरीच्या लग्नाले आले नाई? नाव होतं तुमचं पत्रिकेत."

फुलचंदभाऊंना ना तो माणूस माहीत, ना त्याची पोरगी. तरी त्यांनी हात जोडून माफी मागितली. पुढच्या बाजारी दुसरा भेटला. तो तर चांगलाच रुसला होता. तेव्हा ते दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, मले एकदा पाहू द्या बरं."

काकूंनी पडद्यावर पत्रिका उघडून दाखवली. त्यांनी वाकून आपलं नाव वाचलं, बोटाने, काचेला बोट न लावता.

"स्वागतोत्सुक म्हंजे काय, वहिनी?"

"आलेल्या माणसाले या म्हनाले जो दारात उभा राह्यते तो."

"मी तं नोतो उभा."

"नोते."

फुलचंदभाऊंनी थोडा विचार केला. "मंग लोकाइचं रुसनं बरोबर हाय," ते म्हणाले.

त्याच सुमारास त्यांचा मुलगा धनराज अकोल्याला एका दुकानात कामाला लागला आणि घरची ऊसतोड सुटली. पुढच्या लग्नसराईत फुलचंदभाऊ पहिल्यांदा इकडेच होते. त्यांनी फेटा विकत घेतला. कोणत्या तारखेला कुठे उभं राहायचं ते काकूंच्या दुकानातून कळत होतंच. सुरुवातीला ते नुसते उभे राहत. मग हळूहळू त्यांना त्यातल्या खाचाखोचा कळत गेल्या: म्हाताऱ्यांना आधी खुर्ची द्यायची की आधी पाणी, रुसून दारातच थांबलेल्या जावयाला आत कसं न्यायचं, दोन वैरी एकाच वेळी फाटकाशी आले तर झारी कोणाकडे आधी वळवायची. त्यांना तेव्हा दोन्ही हातांनी एकदम गुलाबपाणी उडवताना मी पाहिलं आहे.

धनीबाईला हे अजिबात पसंत नव्हतं. "लोकाइच्या दारात उभं राह्याची भारी हौस," ती म्हणायची, "घरच्या दाराची कडी लटकून राह्यली थे दिसत नाई." पण लग्नाला जायच्या दिवशी सदऱ्याला इस्त्री तीच करायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुकानात अकराचा विषय निघाला.

काकूंचा कॉम्प्युटर विंडोज सेव्हनवर चालतो. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं, किल्लीला वेगळं लागतं. यंदा हिवाळ्यात परीक्षेच्या फॉर्मची साइट त्याच्यावर उघडेना. पडद्यावर सूचना यायची की तुमचा ब्राउझर जुना आहे. पोरं फॉर्म भरायला येत, सूचना वाचत आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जात. काकूंची मुलगी वैभवी वाशीमला कॉम्प्युटरचं शिकते. ती सुटीला आली होती.

"आई, सेव्हन मेलं आहे," ती म्हणाली.

जगदेवकाकांनी बशीतून तोंड वर काढलं. "मेलं तं पेटते कसं? आत्ताच तं फोटो काढला एकाचा."

"कंपनीनं सोडलं त्याले, बाबा. कवाचंच. आता नवीन काही त्याच्यावर चालणार नाही."

"आपल्या ट्रॅक्टरलेही कंपनीनं कवाचंच सोडलं. नांगरते ना? तुह्या कंपनीले सांग, आमी सांभाळतो म्हना."

फुलचंदभाऊ नेहमीप्रमाणे बसची वाट पाहत बाकावर होते. बस यायला वेळ असला की ते या दुकानात बसत आणि बस आली तरी कधी कधी बसून राहत. त्यांनी समजूतदारपणे विचारलं, "मंग त्याच्या पुढचं टाका ना, बाई. आठ, नऊ, दहा, जे असन थे."

"नऊ आलंच नाही, काका. आणि दहाही गेलं, मागच्या दिवाळीत. आता अकरा."

"अकरा कवा जाईन?"

"जाईल कधीतरी."

"मंग बाराचीच वाट पाहू," फुलचंदभाऊ म्हणाले. जगदेवकाकांनी मान डोलावली. त्यांना हा हिशेब एकदम पटला.

काकू मात्र बाहेर पाहत होत्या. त्यांना रस्ता ओलांडणारी पोरं दिसत होती. "जुन्या पत्रिकाइचं काय होइन?" त्यांनी विचारलं.

"त्या उघडणार नाहीत. ते सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही, किल्ली खोचा नाहीतर कुलूप लावा. आणि अकरा या डब्यात बसतही नाही, डबाच नवा घ्यावा लागेल. पण काय बिघडलं? नवीन डिझाइन करू. प्रत्येक गिऱ्हाइकाले कोऱ्या पानापासून. मोबाइलवर पाठवता येईल अशी."

फुलचंदभाऊंचा कप ओठांजवळ थांबला. "अन् कलश?"

"कलशही नवा, काका. हलणारा."

"अन् त्याच्या वरचं?"

वैभवीला प्रश्न कळला नाही. काकूंना कळला. त्यांनी उगीचच कीबोर्डवरची धूळ फडक्यानं पुसली.

त्या दिवसापासून फुलचंदभाऊ अकराचे विरोधक झाले. बस असो नसो, रोज यायचे आणि नवी बातमी घेऊन यायचे. एक दिवस म्हणाले, "बँकेत गेलतो. तिथं नवीनच हाय सारं. तरी सायेब म्हने सर्वर डाऊन. मंग नव्याचा फायदा काय?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मेडशीच्या एका दुकानात नवं आनलं, वहिनी. नवरीचं नाव छापाले घेतलं तं नुस्ते चौकोनच चौकोन आले. आता थ्या पोरानं चौकोनासंगं लगन लावाव का?"

"कोणतं दुकान, काका?" वैभवीनं विचारलं.

"मले सांगनाऱ्याले दुसऱ्यानं सांगतलं."

"काका, तुमाले इतकं काहून लागून राह्यलं अकराचं?"

"मले कायचं लागते? माह्याकडे तं साधा मोबाइल बी धड नाई," फुलचंदभाऊ म्हणाले आणि रस्त्याकडे पाहत बसले. जगदेवकाका त्यांच्या बाजूने होते, कारण घरात काही नवं येणं म्हणजे त्यांना वाशीमला जावं लागणं. "फुलचंदभाऊ म्हनते थे खरं हाय," ते म्हणायचे. "चालत्या बैलाले कोनी सुई टोचते का?"

निर्णय लांबला. काकूंच्या मनात एक पारडं खाली जायचं, मग दुसरं. पोरं रस्ता ओलांडत राहिली.

आणि मग फुलचंदभाऊंच्या मुलीचं, संगीताचं लग्न जमलं.

स्थळ जवळच्याच तांड्यातलं. पत्रिका काकूंकडेच होणार यात शंका नव्हती. बापलेक दुकानात आले. फुलचंदभाऊ पेढे घेऊन आले होते, संगीता नावांची यादी तोंडपाठ करून आली होती. काकूंनी शेवटची पत्रिका उघडली. वर ‘जय सेवालाल’ बसवलं, नवरदेवाचं नाव बदललं, नवरीचं बदललं. विनीत म्हणून श्री. फुलचंद राठोड व सौ. धनीबाई. मग काका, मामा, तांड्याचे नाईक. एक प्रत छापून त्यांनी संगीताच्या हातात दिली.

संगीतानं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि खाली आल्यावर हसू लागली. "बा, तुमी वर बी हाय अन् खाली बी हाय."

फुलचंदभाऊंनी पाहिलं. वर ते मुलीचे बाप होते. खाली, कलशाच्या डोक्यावर, ते दारात उभे होते.

"आता एकाच वेळी मांडवातही बसा अन् दारातही उभे राहा," जगदेवकाका म्हणाले. "मधे धावाले सायकल देतो माही."

"हसाचं काम नोहे, जगदेवभाऊ," फुलचंदभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "पोराकडचे लोक काय म्हनतीन? बापाले दुसरा मानूस नाई भेटला म्हनतीन. वहिनी, खालचं काढा."

काकूंनी काढलं. कलश उडाला आणि संगीताच्या मामावर जाऊन बसला.

"मामा!" संगीता ओरडली. "मामाले झाकू नका, मामी मांडवात पाय नाई ठेवनार."

काकूंनी ओळ परत आणली. मामा बाहेर आला, फुलचंदभाऊही परत आले. पुन्हा काढली, पुन्हा मामा गेला. वैभवी कोपऱ्यात उभी राहून हे पाहत होती. आता ती पुढे झाली. "यासाठीच म्हणते मी. नवीन मशीन असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पाहिजे ती ओळ काढा, पाहिजे ती टाका, कलश हलत नाही."

 बाहेर वाशीमची बस लागली आणि कंडक्टर ओरडू लागला.

काकूंनी खुर्ची वळवली. "भाऊ, तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "आनू का नवीन? तुमी म्हनान तसं. आजवर तुमीच नोको म्हनत होते."

फुलचंदभाऊंना प्रश्नाचा अर्थ पुरता कळला होता. नवा डबा आला की संगीताच्या पत्रिकेत बाप एकदाच येईल. आणि त्यानंतर कोणत्याच पत्रिकेत ते येणार नाहीत. ज्या जागी ते चुकून बसले होते, ती जागाच राहणार नव्हती. त्यांनी हातातली प्रत उलटी केली, कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"आना वहिनी, नवीन," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात बाप एकच पाह्यजे."

जगदेवकाका बशीत चहा ओतायचे थांबले. वैभवीनं एवढ्या दिवसांचा वाद जिंकला होता.

काकू पडद्याकडे वळल्या. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली, समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि ओळ न काढता तिच्यातल्या फुलचंद राठोड या नावाच्या जागी दुसरं नाव लिहिलं. श्री. जगदेव पाटील. ओळ भरलेलीच होती. कलश जागचा हलला नाही. मामा सुखरूप होता.

"एवढं सोपं होतं?" वैभवी म्हणाली. "मग इतकी वर्षं का नाही केलं?"

"गरजच नोती पडली," काकू म्हणाल्या.

जगदेवकाका उठून पडद्याजवळ आले. "अवं, माहं नाव कायले टाकलं? मी काय लोकाइले या बसा करत फिरू?"

"समोर बसले होते म्हनून टाकलं. उठले असते तं दुसऱ्याचं टाकलं असतं."

लग्नाच्या आदल्या दिवशी फुलचंदभाऊंनी जगदेवकाकांना तांड्यावर बोलावून शिकवणी दिली. झारी कशी धरायची, किती वाकायचं, लय वाट पाहाले लावली हे कोणत्या सुरात म्हणायचं. "रागानं नाई म्हनाचं," ते सांगत होते, "प्रेमानं म्हनाचं. मानसाले वाटलं पाह्यजे का आपल्याच्यानंच लगन अडून राह्यलं होतं."

जगदेवकाकांनी दुसऱ्या दिवशी दारात खुर्ची टाकली आणि तिच्यात बसले. कोणी आलं की ते झारी न उचलता म्हणत, "हं. जेवन तिकडे हाय."

तिकडे मांडवात फुलचंदभाऊ मुलीशेजारी बसले होते, पण त्यांचे डोळे दाराकडे. ज्यांच्या ज्यांच्या दारात ते उभे राहिले होते ती सगळी माणसं आज आली होती: पाटील, वाणी, आमच्या घरचे, वहिनीच्या घरचे. एक म्हातारी पायरीशी अडखळली आणि फुलचंदभाऊ अर्धे उठले. धनीबाईनं उपरण्याला धरून खाली ओढलं. रुसका जावई दारात घुटमळला, ते पुन्हा उठले.

"बसा चुपचाप," धनीबाई दातओठ खाऊन म्हणाली. "आज तुमी खालचे नाई, वरचे हाय."

जेवताना पाहुणे म्हणत होते, जेवण उत्तम, मांडव उत्तम, पण दारात कोणीच नव्हतं. जगदेवकाका त्याच पंगतीत बसून हे ऐकत होते.

गोष्ट इथे संपली असती तर अकराचा प्रश्न अजून तसाच असता. पण काकूंची रीत मी सांगितली आहे. पुढचं गिऱ्हाईक आलं, काकूंनी शेवटची पत्रिका उघडली, म्हणजे संगीताची. नावं बदलली, छापली. त्यापुढच्यालाही तसंच. काही दिवसांत पंचक्रोशीतली सगळी लग्नं जगदेव पाटलांच्या स्वागतोत्सुकतेत होऊ लागली.

हरभरा काढणीला आलेला. जगदेवकाकांचा फोन शेतात वाजू लागला. "पाटील, पत्रिकेत नाव हाय, येजा बरं लवकर. मागच्या वेळेस दारात कोनी नोतं म्हनून लोकाइनं लय बोल लावला." एका लग्नाला ते नाइलाजाने गेले, तर नवरदेवाच्या चुलत्यानं त्यांच्या हातात झारीच दिली. दुसऱ्याला गेले नाहीत, तर त्या घरच्या माणसाने बाजारात ओळख दाखवली नाही. तिसऱ्याची पत्रिका घरी आली ती त्यांनी दोन बोटांत धरून दुकानात आणली.

"वैभवी," ते म्हणाले, "थे तुहं अकरा कवा आनतं?"

"बाबा, ट्रॅक्टर तर अजून नांगरते ना?"

"ट्रॅक्टरचं नाव नोको काढू. ट्रॅक्टर मले लग्नाले नाई पाठवत."

"अन् चालता बैल?" काकूंनी विचारलं.

"म्हतारा झाला थो. किती दिवस राबवाचा? मानसानं दया कराव."

त्यांनी पंचांग पाहून अमावास्या टाळली, स्वतः वाशीमला गेले आणि नव्या कॉम्प्युटरचं खोकं एसटीत मांडीवर घेऊन आले. नारळ त्यांनीच फोडला. जुना डबा टेबलाखाली गेला, किल्ली काकूंनी घरच्या देव्हाऱ्यात ठेवली. परीक्षेची साइट फटदिशी उघडली आणि पोरं रस्ता ओलांडायची थांबली. जगदेवकाका निश्चिंत होऊन हरभरा काढायला गेले.

फुलचंदभाऊ येतच होते. विरोध करायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून नुसते बसत. लग्नसराई ऐन भरात होती. रस्त्यावरून वरातीच्या गाड्या जात, खिडकीतून हळदीचे हात बाहेर आलेले असत. त्यांच्या अंगात सदरा धुतलेलाच असायचा. काकूंनी एकदा म्हटलं, "भाऊ, जात जा ना. नाव नसलं तं काय झालं, सारे वळखतात तुमाले."

"नावाबिगर कसं जाव, वहिनी? थे तं फुकटचं जेवनं होइन," ते म्हणाले. त्यांना सदऱ्याची इस्त्री मोडायची नव्हती, म्हणून ते भिंतीला न टेकता बसले होते.

अशाच एका सकाळी पत्रिकेसाठी गिऱ्हाईक आलं. मानोऱ्याजवळच्याच खेड्यातला शेतकरी, मुलाचं लग्न काढलेलं. वैभवीनं नव्या मशीनवर कोरं पान उघडलं आणि एकेक नाव विचारून लिहू लागली. आजोबा, आजी, काका, मामा, आत्या. हलणारा कलश बसवला. तो हलला. शेतकऱ्यानं कौतुकानं पाहिलं.

"झालं, काका," वैभवी म्हणाली.

"झालं कसं? खालचं राह्यलं ना."

"खालचं कोणतं?"

"थे नाई का, सगळ्या पत्रिकेत राह्यते. स्वागतोत्सुक. फुलचंद राठोड."

वैभवीचे हात कीबोर्डवर थांबले. काकू झेरॉक्सच्या मशीनवरून वळल्या. बाकावर फुलचंदभाऊ रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ते वळले नाहीत, फक्त त्यांची पाठ होती त्याहून थोडी सरळ झाली.

"तुमचे कोण लागतात ते?" वैभवीनं विचारलं.

"आमचे कोनी नाई. पोरीकडच्याइचे असतीन. पन असतेत थे. मधी दोनचार लग्नात नोते, तं मानसं दारातच जमा होऊन राह्यली, कोनी कोनाले आत या म्हनाले तयार नाई. नाई बाई, ते नाव टाकच. पैले टाक."

नव्या डिझाइनमध्ये ती ओळ नव्हती. वैभवीनं कलश धरला आणि बोटभर खाली ओढला. तो मुकाट्यानं सरकला. मामा आपल्या जागी राहिला. रिकाम्या झालेल्या ओळीत तिने नाव लिहिलं आणि काही न सुचून दोनदा तपासलं.

तेवढ्यात तांड्याची बस लागली. फुलचंदभाऊ उठले, पण बसकडे गेले नाहीत. दुकानाच्या पायरीशी थांबून त्यांनी त्या शेतकऱ्याला विचारलं, "लगन कवाचं हाय जी?"

डोक्याला फेटा नव्हता, म्हणून शेतकऱ्यानं त्यांना ओळखलं नाही. "येत्या मंगळवारचं. काहून?"

"काई नाई," फुलचंदभाऊ म्हणाले. "फेटा धुवाले टाका लागन."